दुबळ्यांच्या दांतांवर मिळविलेलें ज्ञान

जेवणाच्या अधल्यामधल्या वेळीं मुलांस गोड खाऊं देऊं नये. द्यावयाचेंच झालें तर जेवणाबरोबर द्यावें व मागून चूळ भरावयास लावावें, ही सूचना आज शाळेच्या भिंतीवरील तक्त्यापासून सरकारी दवाखान्यापर्यंत आढळते. ती खरी आहे, आणि जीं घरें ती पाळतात त्या घरांतील मुलांच्या दाढा तिच्यामुळें वांचतात. परंतु ही गोष्ट शास्त्रज्ञांस इतक्या पक्केपणीं कशी कळली, व ती कळावी म्हणून कोणाच्या दाढा किडूं दिल्या, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तें कळल्यावर जो प्रश्न मनांत उभा राहतो तो वैद्यकाचा नाहीं, नीतीचा आहे. म्हणून तो येथें वाचकांपुढें मांडीत आहें.

स्वीडन देशाच्या दक्षिण भागीं लुंड नांवाचें जुनें विद्यापीठाचें शहर आहे. तेथें विपेहोल्म या नांवाचें एक मोठें रुग्णालय १९३५ सालीं उघडण्यांत आलें. त्यास रुग्णालय म्हणत खरे, परंतु तेथें राहणारे लोक रोगी नव्हते. ज्यांची समज जन्मापासून किंवा बाळपणापासून फार थोडी, आणि ज्यांस शिकविण्यांत अर्थ नाहीं असें सरकारी डॉक्टरांनीं ठरविलेलें, असे लोक देशभरांतून तेथें आणून ठेवीत. त्यांची संख्या हजाराच्या आसपास असे, व पुष्कळांचें सारें आयुष्य तेथेंच जाई.

येथें थोडें थांबून शब्दांविषयीं सांगितलें पाहिजे. वेड लागणें निराळें व समज थोडी असणें निराळें. वेड हा आजार आहे. चांगल्या शहाण्या माणसासही तो मध्येंच होतो, व औषधोपचारानें पुष्कळदां उतरतो. समज थोडी असणें हा आजार नव्हे. त्या माणसाची घडणच तशी असते, व तो तसाच लहानाचा मोठा होतो. आपल्या खेड्यांत या दोहोंस एकच नांव देतात, आणि तें बहुधा हांक मारण्यापेक्षां हिणविण्याच्याच कामीं येतें. विलायतेंतही पूर्वींच्या कायद्यांत अशा माणसांकरितां जे शब्द होते ते आज शिव्या होऊन बसले आहेत. आतां ‘बौद्धिक अपंगत्व’ असें म्हणण्याची रीत पडली आहे. या लेखांतही तोच शब्द वापरला आहे.

असो. त्या काळीं स्वीडनांतील लोकांचे दांत फार वाईट होते. १९३८ सालीं तेथील कायदेमंडळानें सर्व प्रजेकरितां सरकारी दंतवैद्यकाची व्यवस्था करण्याचें ठरविलें. परंतु दंतवैद्य थोडे आणि किडलेले दांत असंख्य, अशी स्थिति होती. तेव्हां कीड लागूंच न देण्याचा उपाय शोधणें भाग पडलें. कीड कशानें लागते याविषयीं मात्र विद्वानांत एकमत नव्हतें. अन्नांत सत्त्व कमी पडतें म्हणून लागते, असें कित्येक म्हणत. साखरेमुळें लागते, असें दुसरे म्हणत. हा वाद मिटवावयाचा तर पुष्कळ माणसांस वर्षानुवर्षें मापून अन्न दिलें पाहिजे, आणि त्यांनीं बाहेरचें कांहीं तोंडांत टाकलें नाहीं याची खात्री पाहिजे. आपल्या पायांनीं बाजारास जाणारा मनुष्य अशा प्रयोगाच्या कामाचा नाहीं. विपेहोल्म येथें कामाचीं माणसें आयतीं सांपडलीं. त्यांस दार उघडून बाहेर जातां येत नव्हतें, आणि पुढें वाढलेलें अन्न कशासाठीं वाढलें आहे हें विचारतांही येत नव्हतें.

प्रयोगास १९४५ सालीं आरंभ झाला. पहिल्या दोन वर्षांत मुख्यतः जीवनसत्त्वें देऊन पाहण्यांत आलीं. त्या अवधींत जेवणांत साखर बेताची असे, आणि या लोकांच्या दांतांस नवी कीड फारच थोडी लागली. १९४७ पासून प्रयोगाचें स्वरूप पालटलें. रहिवाशांचे निरनिराळे गट पाडले. एका गटास जेवणाबरोबर साखरेचें पाणी, एकास गोड पाव, एकास चॉकलेट, एकास कॅरामेल, आणि कांहींस मुद्दाम बनवून घेतलेली मोठी चिकट टॉफी. आपल्याकडील गुळाची चिक्की दाढेस कशी धरून बसते हें वाचकांस माहीत आहे. ही टॉफीही दांतांस अशीच चिकटून रहावी या हेतूनेंच केलेली होती. कोणास दिवसास आठ टॉफ्या, कोणास चोवीस. आणि त्या जेवणांच्या मधल्या वेळांत. या कामास साखरेच्या व मिठाईच्या कारखानदारांनींही साहाय्य केलें होतें.

निकाल स्पष्ट लागला. जेवणाबरोबर जरी पुष्कळ साखर पोटांत गेली तरी दांतांवर परिणाम थोडा झाला. मधल्या वेळीं चिकट गोड खाणाऱ्यांचे दांत मात्र झपाट्यानें किडले, आणि चोवीस टॉफ्यांच्या गटाची स्थिति सर्वांत वाईट झाली. टॉफी बंद केल्यावर नवी कीड लागण्याचें प्रमाण पुनः उतरलें. जे दांत गेले ते गेले. ४३६ माणसांच्या पांच वर्षांच्या निरीक्षणाचा वृत्तांत १९५४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि जगभर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांस तो आजतागायत शिकविला जातो. स्वीडनांत तर त्याच दशकाच्या अखेरीपासून लोकांस असा उपदेश करण्यांत येऊं लागला कीं, मुलांस गोड द्या, पण आठवड्यांतून एकच दिवस द्या. शनिवारची मिठाई हा रिवाज तेथील घरोघरीं अद्यापि आवडीनें पाळला जातो. शनिवारीं दुकानांत जाऊन कागदी पिशवी भरून घेणाऱ्या त्या आनंदी मुलांपैकीं विपेहोल्मचें नांव कितीकांनीं ऐकलें असेल?

ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांपैकीं कोणास विचारलेलें नव्हतें. त्यांच्या नातलगांचीही परवानगी घेतलेली नव्हती. एलिन बोमेनेल या विदुषीनें जुने कागद तपासून या प्रयोगावर २००६ सालीं प्रबंध लिहिला, तेव्हां या प्रकरणाची पुष्कळ हकीकत नीट उजेडांत आली.

आतां विचार करूं. या प्रयोगाचा कैवार घेणारा मनुष्य काय म्हणेल तें आधीं त्याच्याच तोंडून ऐकावें, हें न्यायाचें आहे. तो म्हणेल, “टॉफीनें कोणाचा जीव गेला नाहीं. त्यांस ती आवडतच असेल. त्यांस प्रयोग समजलाच नसता, मग विचारून उपयोग काय? आणि चारपांचशें माणसांच्या दांतांच्या मोबदल्यांत एका सबंध राष्ट्राच्या मुलांचे दांत वांचले, तर हा व्यवहार वाईट कसा?” हें बोलणें दिसतें तितकें हलकें नाहीं. त्यांतील शेवटच्या वाक्यानें तर पुष्कळ सज्जन माणसेंही गप्प होतात.

समजण्याची गोष्ट प्रथम घेऊं. दाढ कां दुखते हें समजावयास बुद्धि लागते. दुखणें सोसावयास ती लागत नाहीं. उलट ज्यास आपलें दुखणें शब्दांनीं सांगतां येतें तो लवंगेचें तेल मागतो, वैद्याकडे ने म्हणतो, निदान घरच्यांजवळ कण्हून दोन शब्द सहानुभूतीचे मिळवितो. ज्यास सांगतां येत नाहीं त्याचें दुखणें तेवढेंच असून वर तो एकटा असतो. रात्रीं तो ओरडला तर ‘आज याचें डोकें फिरलें आहे’ असें म्हणून लोक मोकळे होतात. म्हणून ज्यास कळत नाहीं त्याच्यावर प्रयोग करणें सोपें, हें म्हणणें खरें असलें तरी तें त्याच्या बाजूचें नाहीं. प्रयोग करणाराच्या सोयीचें आहे.

राहिला व्यवहार. जो आपलें स्वतःचें देऊन दुसऱ्याचें भलें करितो त्यास आपण दाता म्हणतों. ज्याचें न विचारतां घेऊन दुसऱ्यास वाटलें त्यास दाता म्हणतां येत नाहीं, आणि वांटणाराचा हेतु कितीही चांगला असला तरी घेण्याचें नांव पालटत नाहीं. समजा, गांवच्या पंचांनीं एका निराधार विधवेचें शेत तिला न विचारतां घेतलें, त्यांत विहीर खणली, आणि नशिबानें पाणी गोड लागलें. आतां सर्व गांव पाणी पितें. त्या विहिरीचें पाणी पिऊं नये काय? मला वाटतें, प्यावें. तान्हेलें मूल दारांत उभें असतां विहीर बुजविणें हें शहाणपण नव्हे. दंतवैद्यानें विपेहोल्मचें ज्ञान फेंकून द्यावें असेंही मी म्हणत नाहीं. परंतु पाणी गोड आहे एवढ्यावरून शेत घेणें योग्य होतें असें जो म्हणूं लागेल, तो उद्यां दुसऱ्या विधवेच्या शेतांत कुदळ घालावयास तयार होईल. भीति आहे ती या पुढच्या कुदळीची.

आणि विधवेचेंच शेत कां निवडलें? पंचांपैकीं एकाचें कां नाहीं? या एका प्रश्नानें पुष्कळ सुंदर बोलणीं उघडीं पडतात. दांत स्वीडनच्या राजधानींतील श्रीमंतांच्या मुलांसही होते.

काळाचा एक योगायोग मनास फार बोंचतो. ज्या १९४७ सालीं विपेहोल्म येथें टॉफीच्या प्रयोगाची सुरुवात झाली, त्याच सालीं ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील न्युरेंबर्ग शहरीं नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला. बंदिवानांवर त्यांनीं जे अघोर प्रयोग केले त्यांबद्दल कित्येकांस फांशी झाली. त्या निकालपत्रांत न्यायाधीशांनीं मनुष्यावर प्रयोग करण्याचे दहा नियम घालून दिले, आणि त्यांतील पहिला हा कीं, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची राजीखुषीची संमति अत्यावश्यक आहे. स्वीडनचे डॉक्टर नाझी नव्हते. ते सभ्य, कष्टाळू, लोकांचें हित इच्छिणारे सरकारी नोकर होते. म्हणूनच त्यांची गोष्ट आपण अधिक लक्षानें वाचावी. क्रूर मनुष्यापासून आपण दूर आहों असें समजून आपणांस स्वस्थ बसतां येतें. चांगल्या मनुष्यापासून आपण तितके दूर नसतों.

कोणी म्हणेल, “जो स्वतः संमति देऊं शकत नाहीं त्याच्या आईबापांची घेतली म्हणजे झालें.” हा उपाय अमेरिकेंत करून पाहिलेला आहे. न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन नांवाच्या बेटावर विलोब्रुक ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची सरकारी संस्था होती. सुमारें चार हजारांकरितां बांधलेल्या या जागेंत १९६० नंतरच्या वर्षांत सहा हजारांहून अधिक जीव कोंबलेले होते. यकृतास सूज येऊन होणाऱ्या कावीळीची सांथ तेथें कायमची ठाण मांडून होती. डॉ. सॉल क्रुगमन व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून पुढें बरींच वर्षें तेथील कांहीं मुलांस त्या रोगाचे जंतु मुद्दाम दिले. ते जंतु रोग्यांच्या मळापासून काढलेले असत. डॉक्टरांचें म्हणणें असें कीं, या संस्थेंत आलेल्या मुलास हा रोग आज ना उद्यां होणारच. त्यापेक्षां तो निराळ्या स्वच्छ विभागांत, चांगल्या देखरेखीखालीं झालेला बरा. आईबापांच्या सह्या घेतलेल्या होत्या. यापासून या कावीळीचे दोन निरनिराळे प्रकार आहेत हें सिद्ध झालें, व पुढें लस निघण्यास मदत झाली. म्हणजे येथेंही पाणी गोडच लागलें.

परंतु त्या सह्या कशा मिळाल्या तें पहा. १९६४ च्या सुमारास जागा नाहीं म्हणून संस्थेचें दार नव्या मुलांस बंद झालें. प्रयोगाच्या विभागांत मात्र जागा होती. वर्षानुवर्षें एका अवघड मुलास सांभाळून थकलेली आई, घरांत दुसरीं लहान मुलें, मदतीस कोणी नाहीं. तिला सांगितलें कीं, या कागदावर सही कर, तुझ्या मुलास आज घेतों. ही संमति कीं गळ्यास बसलेला फांस? त्या आईस मी दोष देत नाहीं. अशा घरांत जो एक रात्र काढील तोही देणार नाहीं. दोष त्याचा, ज्यानें दार बंद असतां खिडकी उघडी ठेवली व खिडकीचें भाडें मुलाच्या अंगांतून घेतलें. जी संस्था चांगली असती तर मुलांस तो रोग मुळांतच इतका झाला नसता, तिची घाण काढण्याऐवजीं तिच्या घाणीचाच आधार घेऊन प्रयोग करावयाचा, ही विचारसरणी डॉ. हेन्री बीचर यांनीं १९६६ सालीं चव्हाट्यावर आणली. त्यांनीं गैर प्रयोगांचीं बावीस उदाहरणें छापलीं, त्यांत विलोब्रुकचेंही होतें. १९७२ सालीं दूरचित्रवाणीवरून तेथील नागड्या, मळक्या, भिंतीशीं गठडी वळून बसलेल्या मुलांचीं दृश्यें लोकांनीं पाहिलीं. १९८७ सालीं ती संस्था कायमची बंद झाली.

येथवर वाचून एखादा भला वाचक म्हणेल, “मग या लोकांच्या वाटेस कोणा शास्त्रज्ञानें जाऊंच नये, त्यांस सुखानें असूं द्यावें.” हें ऐकावयास दयेचें वाटतें, परंतु यांत निराळाच अन्याय आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं त्या देशाच्या नैर्ऋत्य भागांतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या २४७ माणसांच्या मृत्यूंची, एक एक करून, चौकशी केली व १९४८ पासून चालत आलेल्या फुकट औषधोपचाराच्या त्या देशांत काय आढळलें तें २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. असे पुरुष इतर पुरुषांपेक्षां सरासरी तेरा वर्षें आधीं, आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षां वीस वर्षें आधीं मरत होत्या. याचें कारण केवळ त्यांची घडण नव्हे. रोग वेळेवर ओळखला गेला नाहीं, तपासणी पुढें ढकलली गेली, घरची माणसें काय सांगतात तें ऐकलें गेलें नाहीं, अशीं कारणें पुष्कळ ठिकाणीं निघालीं. वीस वर्षें! कोणी मोजलेंच नसतें तर हीं वीस वर्षें कोणाच्या ध्यानांतही आलीं नसतीं; ‘बिचारी अशीच होती, गेली’ एवढें म्हणून लोक प्रेत उचलते.

आपल्याकडे तर साधी मोजणीच कठीण. १९११ नव्हे, २०११ सालच्या खानेसुमारींत सबंध हिंदुस्थानांत अशीं माणसें सुमारें पंधरा लक्ष नोंदलीं गेलीं. परंतु खानेसुमारीचा गुरुजी दारांत येऊन विचारतो तें घरच्या कर्त्या माणसास. आणि घरांत लग्नाची मुलगी असेल तर मागल्या खोलींतील मुलाविषयीं तो कर्ता मनुष्य काय सांगतो हें मी लिहावयास नको. जो मोजला जात नाहीं त्याच्यासाठीं शाळा निघत नाहीं, शिक्षक नेमला जात नाहीं, औषध पाठविलें जात नाहीं. म्हणून न विचारतां वापरणें हा एक अन्याय, तर मुळींच न विचारणें हा दुसरा.

मग करावें कसें? इंग्लंडांतीलच एक जुनें उदाहरण सांगतों. लंडन शहरांत फाउंटन नांवाचें मोठें रुग्णालय होतें; तेथें अशा मुलांस मोठमोठ्या दालनांत, रांगेंत खाटा लावून ठेवीत. अंगावर स्वच्छ कपडे, पोटास अन्न, आणि दिवसभर करावयास कांहीं नाहीं. जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञानें १९५८ सालीं त्यांतील सोळा मुलें सरे परगण्यांतील ब्रुकलँड्स नांवाच्या एका घरीं नेलीं. तेथें त्यांचे लहान लहान गट केले, प्रत्येक गटास नेहमींची ओळखीची बाई दिली, खेळावयास वाळू, पाणी, ठोकळे दिले, आणि त्यांच्याशीं बोलूं लागले. औषध एवढेंच. त्यांच्याच जोडीचीं दुसरीं सोळा मुलें रुग्णालयांत राहिलीं. दोन वर्षांनीं पाहतात तों रुग्णालयांतील मुलांची बोलण्याची समज सरासरी सहा महिन्यांनीं वाढलेली होती, आणि घरांतील मुलांची चवदा महिन्यांनीं. ज्यांस ‘शिकवून उपयोग नाहीं’ असें म्हणत त्यांस कोणी बोलकें घरच दिलें नव्हतें, एवढें या सोळा मुलांनीं दाखवून दिलें. पुढें इंग्लंडांत तीं मोठमोठीं दालनें बंद करण्यास या कामाचा मोठा आधार झाला.

हाही प्रयोगच होता, व मुलांस विचारून केलेला नव्हता. तरी विपेहोल्म व ब्रुकलँड्स यांस एका तागडींत घालतां यावयाचें नाहीं. तेथें एका माणसाची हानि करून दुसऱ्याचें भलें शोधलें. येथें ज्याच्यावर प्रयोग त्याचेंच भलें शोधलें. जे सोळा मागें राहिले त्यांचा विचार मात्र माझ्या मनांतून जात नाहीं. त्यांस मुद्दाम कांहीं वाईट दिलें नाहीं हें खरें. परंतु त्यांचें मागें राहणें हेंच मोजमापाचें दुसरें पारडें होतें. तुलना केल्यावांचून सरकारास पटलें नसतें, हेंही खरें आहे. याचा निकाल मला पूर्णपणें लावतां येत नाहीं. इतकें मात्र म्हणतां येईल कीं, पारडें कोणतें जड हें कळल्यावर मागें राहिलेल्यांस आणावयास धांवत गेलें पाहिजे. कळूनही स्वस्थ बसणारा मनुष्य संशोधक कसला, तो नुसता मोजणारा.

या सर्वांत ज्याची गोष्ट तोच मुका राहतो, हें शल्य उरतेंच. तें कांहीं अंशीं काढणारी एक बाई इंग्लंडांत होऊन गेली; तिचें नांव मेबल कूपर. लहानपणापासून ती संस्थांतून वाढली, आणि सेंट लॉरेन्स नांवाच्या मोठ्या रुग्णालयांत तिचीं सुमारें वीस वर्षें गेलीं. तिला लिहितां वाचतां येत नव्हतें. बाहेर आल्यावर तिनें आपली हकीकत डॉरथी अ‍ॅट्किन्सन या अध्यापिकेस सांगितली. बाईनें ती टिपून घेतली, पुनः तिला वाचून दाखविली, तिनें जेथें ‘असें नाहीं’ म्हटलें तेथें बदलली, आणि मग ती १९९७ सालीं एका पुस्तकांत छापली गेली. पुढें मेबल कूपर शाळाशाळांतून जाऊन मुलांशीं या विषयावर बोलत असे. २०१० सालीं इंग्लंडांतील मुक्त विद्यापीठानें तिला सन्मानाची पदवी दिली. शेकडों डॉक्टरांनीं त्या रुग्णालयाविषयीं जें लिहिलें नाहीं तें एका निरक्षर बाईनें सांगितलें, कारण आंतून दार कसें दिसतें हें ती एकटीच जाणत होती.

सर्वांस मेबलप्रमाणें बोलतां येणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. विपेहोल्म येथील पुष्कळांस एकही शब्द बोलतां येत नसे. परंतु ‘होय’ म्हणावयास शब्द लागतात. ‘नको’ म्हणावयास लागत नाहींत. मान फिरविणें, ओंठ मिटून घेणें, हात झटकणें, कोपऱ्यांत जाऊन बसणें, रोज ज्याच्याकडे पाहून हंसतो त्याला पाहून रडूं लागणें, हें सर्व ‘नको’ आहे. ज्या आईनें त्याला वीस वर्षें घांस भरविला तिला तें प्रत्येक चिन्ह वाचतां येतें. शास्त्रज्ञास येत नसेल तर त्यानें तिच्याजवळ बसून तें आधीं शिकावें. हत्यारें धुण्याची रीत तो शिकतो, त्याचप्रमाणें ही.

आपल्या देशांत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. त्यांत संशोधनाविषयीं एक कलम आहे, तें आपल्या उपदेशक बंधूंस व गांवच्या वडील मंडळींस माहीत असावें. अपंग व्यक्तीवर कोणतेंही संशोधन करावयाचें तर त्या व्यक्तीस कळेल अशा रीतीनें सर्व समजावून देऊन तिची स्वतःची मोकळी संमति घेतली पाहिजे. शिवाय त्यासाठीं नेमलेल्या समितीची आगाऊ परवानगी पाहिजे, आणि त्या समितींत निदान निम्मे सभासद स्वतः अपंग किंवा अपंगांच्या, त्यांच्या पालकांच्या वगैरे नोंदलेल्या संस्थांचे असले पाहिजेत. विहीर कोठें खणावी हें ठरविणाऱ्या पंचांत विधवेस बसवावें, असाच याचा अर्थ. कायदा कागदावर आहे. आडगांवांत तो कोण कोणास वाचून दाखवितो, हा भाग निराळा.

म्हणून एक गोष्ट अगदीं कामापुरती लिहून ठेवतों. तुमच्या गांवीं कोणी पाहणी करणारे आले, औषधाची, शिक्षणाची किंवा नुसत्या प्रश्नांची, आणि अशा एखाद्या घरीं जाऊं लागले, तर तुमच्यापैकीं लिहितां वाचतां येणाऱ्या एकानें त्यांच्याबरोबर जावें. आलेला पाहुणा सुशिक्षित आहे, गाडींतून आला आहे, म्हणून आईबाप न विचारतां अंगठा देतील, त्यांस थांबवावें. हें कशासाठीं आहे, यापासून या मुलास काय मिळणार, त्यास कांहीं अपाय होण्याजोगें आहे काय, आणि समितीचा परवाना कोठें आहे, हें त्यांच्या वतीनें विचारावें, व उत्तर त्यांच्या बोलींत त्यांस सांगावें. नाहीं म्हटल्यास दवाखान्याचें औषध किंवा सरकारी पगार बंद होत नाहीं, हेंही सांगावें. कारण ती भीति त्यांच्या मनांत असतेच. कागदावर सहीची जागा पालकाची असते. सही होण्यापूर्वीं ज्याच्याविषयीं हें सर्व चाललें आहे त्याच्याजवळ जाऊन बसावें, आलेल्या माणसासही बसवावें, आणि त्यानें तोंड फिरविलें तर तें त्याच कागदावर लिहून घ्यावयास सांगावें.